शटरची आतली बाजू

पेठ रोडला, गॅरेजच्या पुढे, माझं कांडप.
बोर्ड नाही. ठसका लागला
की समजायचं, आलं.

मिसळवाल्याचा माणूस म्हणाला,
महिन्याला क्विंटलभर दळून घेऊ, पण बिल पक्कं लागेल.
मी म्हटलं, मिरची पक्की आहे.
तो हसला नाही.

तशी गेले होते मी. दोनदा.
लाइटबिल कोणाच्या नावावर?
केशव आहिरे.
त्यांना घेऊन या.
त्यांना अमरधामला नेऊन अकरा वर्षं झाली,
मीटर अजून त्यांच्याच नावानं फिरतं.
मुलगा भाडं घेतो, सही देत नाही:
आज कागद मागतेस, उद्या गाळा मागशील.

आस्थापनेचं नाव?
पटकन काही सुचलंच नाही.
मागे रांग, इकडे मशीन बंद,
तासाला बारा किलो बुडत होते.

नवरा म्हणतो, बरंच झालं.
दिसलं की मागायला येतात.

रात्री शटर ओढते.
आतून खडूनं सगळं लिहिलंय:
रुख्मा दीड किलो बाकी, कोतवालबाई जमा,
शेवाळे मास्तर (गेले, खोडायचं राहिलं).
सकाळी शटर वर गेलं
की हिशोब गुंडाळून बसतो
दिवसभर,
माझ्या डोक्यावर.