तीन नंबरचा बावटा

केतकीनं पिवळी कार्डं कापली, साडेतीनशे.
पुढे इंग्रजी शब्द, त्याखाली माझ्यासाठी
देवनागरीत उच्चार, मागे अर्थ.
"पप्पा, तुम्ही विचारायचं. मी सांगणार."

कॉटन ग्रीनच्या दोन खोल्यांत
शब्द राहायला आले.
ओमेन फ्रिजवर.
ऑगरी आरशाच्या कोपऱ्यात, हिच्या टिकल्यांशेजारी.
पोर्टेंट गॅसच्या नळीपाशी होतं, ते हिनं उचललं
आणि पंचांगाच्या खिळ्याला लावलं,
"असलं काही शेगडीजवळ नको."
प्रिकर्सर, फोररनर, प्रेसेज
लोणच्याच्या बरणीमागे, एका चिमट्यात तिघं.

एवढे कशाला लागतात गं, मी विचारलं,
पुढचं येणारं सांगायला?
आमच्याकडे पाल चुकचुकायची, डोळा लवायचा,
कावळा कौलावर ओरडला की आई
परातीत मूठभर पीठ वाढवायची.
भागायचं तेवढ्यात.
"छटा असते, पप्पा. ऑगरी पाखरांवरून.
ओमेन कशावरूनही.
पोर्टेंट मोठं असतं, अंगावर येणारं."

छटा मला कळतात.
एकतीस वर्षं बंदराच्या सिग्नल स्टेशनवर काढली.
दिवसा काळे गोळे, काळे शंकू,
रात्री तांबडे-पांढरे दिवे,
वेधशाळेचा फोन आला की दोरी ओढायची.
तीन नंबरचा लावला की ससून डॉकवरून
तांडेल जगन्नाथ वैती शिव्या घालायचा:
तू लावतोस म्हणून वारा येतो!
आणि वारा नाहीच आला तर
त्याहून घाण शिव्या.
न आलेल्या वादळाचे पैसे
कोण भरून देतं?
मी त्याला दर वेळी तेच सांगायचो,
वैती, बावटा उतरवला म्हणून
समुद्र ऐकत नाही.

एका रात्री कार्ड निघालं: हार्बिंजर.
तिला येईना. तिसऱ्यांदा येईना.
मागे वळवून तिनंच वाचलं
आणि हसत सुटली.
"पूर्वी म्हणे राजाची स्वारी निघाली
की हा माणूस एक मुक्काम पुढे जायचा,
सगळ्यांना उतरायला जागा बघून ठेवायचा.
खोल्या शोधणारा, पप्पा! ब्रोकर!"
मीही हसलो.
मग ती मोबाइल घेऊन बाल्कनीत गेली
आणि कुणाशी तरी हळू बोलत राहिली,
तीन मुलींत एक खोली, हीटरचं वेगळं,
बसस्टॉप चालत सात मिनिटांवर.

मी कार्डांचा गठ्ठा पिसला.
हार्बिंजर काढून
शर्टाच्या खिशात टाकलं.

सांगायला लाज वाटते.
एकतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं ते
स्वतःला सांगता आलं नाही.
वाटलं, एक शब्द कमी पडेल,
दोन गुण जातील,
दोन गुणांनी काय काय राहून जातं.

तो शब्द पेपरात आलाच नाही.
तीनशे सव्वीस, ती अंधेरीहून फोनवर ओरडली,
आणि हिनं देवापुढे साखर ठेवली,
मग डोळे पुसत मला म्हणाली,
कांदा चिरत होते.
ओट्यावर कांदा नव्हता.

आता हॉलमध्ये वजनकाटा आलाय.
तेवीस किलो, वर एक ग्रॅम नाही.
लसणाची चटणी तीनदा मोजून झाली,
कुकर एकदा आत जातो, एकदा बाहेर येतो.
भिंतीवरची कार्डं तिनं काढली.
चिकटपट्टीचे चौकोन राहिलेत,
बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

काल इस्त्रीला कपडे काढताना
हिला माझ्या खिशात लगदा सापडला,
पिवळट, मशीनमधून धुऊन निघालेला.
"काय होतं हो हे?"
इंग्रजी सगळं विरघळलेलं.
खालच्या ओळीत दोन अक्षरं तेवढी उरलेली:
हार.
फुलांचा की दुसरा, ते कागदावर नव्हतं.
बिल असेल, मी म्हटलं,
आणि काट्यावर चढून
बॅगेआधी स्वतःचं वजन करून घेतलं.