दीड सूत

आप्पांच्या ड्रॉवरमध्ये तीन फूटपट्ट्या आहेत
आणि तिन्ही खोटं बोलतात.
उद्यमनगरात हे सगळ्यांना माहीत,
शाळेतल्या बाईंना नव्हतं;
चौथीत त्यातली एक मी दप्तरातनं नेली
आणि माझा चौकोन चुकला.

बीड थंड होताना फुटामागं एक सूत आकसतं.
पितळ दीड.
पोलाद दोन.
म्हणून लाकडाचा पॅटर्न मापाहून मोठा करायचा,
आणि तो मोठेपणा पट्टीनंच पोटात ठेवायचा:
तिच्यावर लिहिलेलं बारा,
असतं बाराहून जरा जास्त.

यंदा माझ्यासमोर तीन कागद.

सहा आठवडे, स्वीडन, उन्हाळी वर्ग,
शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो.
एक सेमिस्टर, पोलंड, फी इथल्याच कॉलेजात,
तिथले मार्क इथं धरतील
असं सर म्हणाले, लिहून दिलं नाही.
दोन वर्षं, जर्मनी, पूर्ण डिग्री,
शिकवणं फुकट, बाकी सगळं विकत,
आणि बँकेत आधी एवढी रक्कम अडकवायची
की आकडा ऐकून आप्पांनी रंधा खाली ठेवला.

राजारामपुरीत काचेच्या केबिनमधला माणूस विचारतो,
मगदूम मॅडम, तुमचं ड्रीम काय?
म्हटलं, ओतकामातले दोष. पोकळी कुठं धरते, का धरते.
त्यानं ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

तबस्सुम मुल्लाणी एक सेमिस्टर जाऊन आली.
गंगावेशीत, दूध कट्ट्यावर, समोर म्हैस,
ग्लासात दुधापेक्षा फेस जास्त,
मी विचारलं, काय बदललं गं?
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, रात्री सिग्नलला कुणी नसलं तरी थांबते,
आणि मागचा हॉर्न बडवतो.
एवढंच?
एवढंच. पण ते जाईना झालंय.
ओठावरचा फेस तिनं पुसला नाही.

आई कागद वाचत नाही.
ती गावाचं नाव विचारते
आणि मोबाईलवर मावळती बघते.
आमच्यात सूर्य आहे तोवरच ताट.
स्वीडन, जून: रात्री दहा.
"बघ, निवांत जेवशील."
जर्मनी दोन वर्षं, म्हणजे दोन्ही टोकं दोनदा.
पोलंड, डिसेंबर: साडेतीन.
तो आकडा ती परत परत बघत राहिली,
वजनात मारलेल्या गिऱ्हाइकासारखी.

शेवटी आप्पांनाच विचारलं, कुठलं घेऊ?
ते कोअरबॉक्स घासत होते, मान वर न करता म्हणाले,
भट्टीत किती दिवस राहणार ते मला सांगू नको.
धातू सांग.
इथं येऊन गार झालीस की किती आकसशील
तेवढं आत्ताच जास्त धरायला लागतं.
आणि नाही आले परत, तर?
त्यांनी सागाचा भुसा फुंकला.
मला वाटलं ऐकलंच नाही.
मग तिथल्यांनी माप घ्यायचं, म्हणाले,
माझी पट्टी तिथं चालत नाही.

एकतीस तारीख, रात्रीचे साडेदहा.
तिन्ही फॉर्म भरलेले, सही एकावरच करायची.
केली.
सहीखाली रेघ मारायची माझी जुनी खोड,
ड्रॉवरमध्ये हात घातला, लागली ती पट्टी घेतली.
आप्पा चष्म्यावरनं बघत होते,
फॉर्मकडं नाही, पट्टीकडं.
"पितळ," म्हणाले
आणि दिवा बंद करायला उठले.

आतनं आईचा आवाज आला:
साडेतीन म्हणजे अडीचला ताटावर बसायचं.
लेक्चर असलं तर?

मी रेघेवरची शाई वाळायची वाट बघत होते.
रेघ सरळ होती.
किती लांब, ते सांगता आलं नसतं.