खांदशेकणी

टेकडीच्या उतारावर अंथरलेला हा हिरवा ब्रश,
षटकोनी घरांचा, नायलॉनच्या राठ केसांचा.
गावातले म्हणतात, बोरकुट्यांनी डोंगराले दाढी लावली.

बर्फ नाही.
बर्फ म्हणजे बसस्टँडच्या रसवंतीत
भुशात गुंडाळलेली लादी, एवढंच माहीत.
पहाटे पाचला फवारे सुटतात, सहाला पोरं घसरतात,
नवाला साखळी लावून बंद.
मग उतार इतका तापतो
की सरडासुद्धा कडेकडेनं जातो.

माझं काम पत्र्याच्या शेडमध्ये.
एकतीस जोड, तळ वर करून ठेवलेले,
पेरणी संपल्यावर तिफण ठेवतात तसे.
तळावरून बोट फिरवलं की कळतं
सकाळी कोण कसं घसरलं:
ज्यानं एकाच कडेवर सगळा भार टाकला
त्याच्या स्कीला पांढुरका, कोरडा डाग,
उललेल्या टाचेसारखा.
पोलादी कडेवर बारीक काटा उठलेला असतो, दिसत नाही,
चिंधी फिरवली की धागा अडकतो.
कानस अलगद धरायची, एकाच दिशेनं,
मागे-पुढे केलं की संपलं.

धार इथं चालत नाही.
ब्रशात रुतते, पोर तोंडावर येतं.
म्हणून टोकाशी, शेपटीशी मीच तिला बोथट करते,
दोन वर्षं हेच करतेय.

मग इस्त्री, आणि हिरवी वडी.
वडीच्या कागदावर छापलंय: उणे वीस अंश.
सगळ्यात कडक थंडीचं मेण,
आणि मी ते बेचाळीस अंशांत वितळवते,
कारण हे केस त्या बर्फाइतकेच राठ, दुसरं काही टिकत नाही.
नेगी सर परत औलीला गेले तेव्हा
हे एवढं सांगून गेले, आणि एक पिवळी वडी ठेवून गेले.
पिवळी इथं लागणार नाही, म्हणाले.
ती खणात पडून होती, खिळ्यांच्या डब्यामागे.

लटारूमामा दुपारी शेडच्या सावलीला येतात.
चाळीस वर्षं चाकांना धाव चढवली,
आता लाकडी चाक तालुक्यात शोधून सापडत नाही.
पहिल्या दिवशी त्यांनी स्कीची कड नखानं वाजवली.
"हे त धावच व्हय, बाई. फक्त सरळी."
"आन् हे मेन?"
वंगण, मी म्हटलं.
"मंग मले कायले समजावून सांगतं?"

परवा नेगी सरांचा फोन आला.
सुकेशिनी मेश्राम, आठवी ब, जोड नंबर एकोणीस,
तिची निवड झाली.
यंदा बर्फ ओला आहे, म्हणाले, पिवळं लावा,
आणि धार द्या. पूर्ण.

रात्री मी कानस काढली.
मामांनी स्की मांडीवर घट्ट धरली,
मी बॅटरी दातात.
दोन वर्षं जे मारत आले
ते परत जागं करायचं होतं, टोकापासून शेपटीपर्यंत.
पहाटेपर्यंत तीनदा चिंधी फाटली.

मग पिवळी वडी. इस्त्रीवर टेकवताच
हळदीच्या रंगाचा थेंब, मग धार,
मग सगळा तळ.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
"पोयाच्या आदल्या दिशी," मामा म्हणाले,
"तूप-हयद लावून खांद शेकतो आपन बैलाचे.
त्या दिशी त्याले जू नसते."
आणि तळहातानं तो गरम तळ चोळत राहिले.
मेण हातानं चोळत नाहीत. मी सांगितलं नाही.

वरचं मेण मी खरवडलं नाही,
प्रवासाला जाड थर राहू दिला.
जुन्या साडीत दोन्ही गुंडाळल्या, सुतळी बांधली,
आणि गाठीत चिठ्ठी खोचली:
सुके, पोचल्यावर खरवडून घे.
कडेला बोट लावू नको,
आता ती खरी आहे.