फळी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
झेफेरिनो, इथे पायरीच नव्हती.
एक फळी होती, बोटीतून आपल्या धक्क्यावर टाकलेली,
भरतीच्या पाण्याने ओली,
आणि पलीकडून एक पोऱ्या हात पुढे करून सांगत होता,
चपला काढा मावशी, घसराल.

चपला हातात घेऊन मी न्यायाच्या घरात शिरले.

त्याआधीचं तुला ठाऊक नाही.
तू गेल्याला चाळीस दिवस झाले नाहीत तोच
तुझा भाऊ ओरिवाल्दो आला, सोबत टेपवाला माणूस.
असाईच्या बनातून निळी दोरी ओढली त्यांनी,
थेट आपल्या विहिरीपर्यंत.
आणि मला वहिनी नाही म्हणाला.
बाई म्हणाला.
"बाई, कागदावर तुम्ही कोण?"

बावीस वर्षं एका कढईत कसावा भाजला आपण.
कढईवर नाव घालायचं राहिलं.

मग माकापाला गेले. दीड दिवस लाँच.
वकिलाच्या खोलीत गारवा एवढा, की दात वाजले.
माझं अर्धं वाक्य ऐकून त्याने एक आकडा लिहिला
आणि कागद सरकवला माझ्याकडे, उताणा.
मी मनात टोपल्या मोजल्या:
फाईल उघडायला साठ टोपल्या असाई,
दर तारखेला अकरा,
पावसाळ्यातल्या तारखांचं भाडं वेगळं.
म्हणजे जे बन वाचवायचं
तेच विकून बनाला वकील द्यायचा.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि कोंबडी अजून ओरिवाल्दोच्या खुराड्यात!
कागद घडी घालून परत दिला.
पुढच्या माणसाला त्याने तोच दाखवला असेल.

बोटीचं शाळेतल्या बाईंनी सांगितलं.
दोन महिन्यांनी येते, पैसे लागत नाहीत.
मी म्हटलं, फुकटच्या औषधाची तारीख उलटलेली असते.
तरी गेले.

वकिलीणबाईंनाही सगळे डॉक्टरच म्हणतात,
म्हणून मी आधी पाठीचं दुखणं सांगितलं.
तिने तेही ऐकून घेतलं पूर्ण.
डॉक्टर तायना. आपल्या भाचीच्या वयाची,
बोट लागलेली, लिंबाची फोड चोखत बसलेली.
लग्नाचा दाखला? नाही.
दोघांच्या नावाचं खातं? मला हसू आलं.
विजेचं बिल?
डॉक्टर, आधी वीज तर येऊ दे.
फोटो होता एक. वाळवीने तुझं तोंड खाल्लं,
माझं ठेवलं.

पेन थांबलं. मला वाटलं, झालं, उठावं आता.

ती म्हणाली, कागद राहू दे. घरात काय आहे?
मी म्हटलं, तुळई आहे.
दोन झुल्यांच्या दोरांनी खाचा पडल्यात तिच्यावर,
शेजारी शेजारी.
त्याच्या बाजूच्या खोल आहेत. जड होता तो.

ती हसली नाही रे.
किती खोल, विचारलं. बोटभर, मी म्हटलं.
"बोटभर" असं लिहिलं तिने, सरकारी कागदावर,
आणि पोऱ्याला कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर धाडलं.

वचन नाही दिलं. वर्ष लागेल म्हणाली, कदाचित दोन.
पुढच्या फेरीला दोन साक्षीदार आणा,
भांडलेले असले तर उत्तम, त्यांचं खरं मानतात.
म्हणजे आता एदिलेनेकडे जाणं आलं.
तिच्या डुकराने माझा कसावा उकरला तेव्हापासून
आम्ही एकमेकींच्या होड्यासुद्धा टाळतो.

ओहोटीबरोबर बोट गेली. फळी आत ओढून घेतली त्यांनी.
निळी दोरी आहे तिथेच आहे.
माझा नंबर पिठाच्या डब्यात ठेवलाय, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

रात्री मी माझा झुला थोडा सरकवून बांधला,
तुळईच्या कोऱ्या जागी.
पुराव्याला हात लावू नका, म्हणाली होती.