पुसल्याची ऊब

तेवीस वर्षं मी टेपा पुसल्या.
पाषाणच्या संगणक केंद्रात, तळमजल्यावर,
जिथे काचांना काळा कागद
आणि अंगात बारा महिने स्वेटर.
नेमणूकपत्रात 'टेप लायब्ररियन' होतं.
लायब्ररीत पुस्तकं राहतात म्हणे;
माझ्याकडून टेपा कोऱ्या होऊन जायच्या.

चुंबकाचं यंत्र शेगडीएवढं.
वर चकती ठेवायची, बटण दाबायचं
आणि जात्याच्या खुंट्यासारखी सावकाश फिरवायची.
एक गुणगुण दंडापर्यंत चढायची.
घड्याळ आधी काढून ठेवायचं
(लग्नातलं पहिल्याच आठवड्यात बंद पडलं).
झालं.
फुग्यांनी अकरा किलोमीटरवरून मोजून आणलेले
एका सबंध हंगामाचे वारे गेले.
नव्या टेपेला परकीय चलन लागे.
तळवलकर साहेब यादी पाठवत,
खाली हिरव्या शाईत: 'पुसावे.'
मी पुसलं.

परवा औंधच्या ज्येष्ठ नागरिक संघात
एक पोरगेलासा प्राध्यापक आला, अर्शद शिकलगार.
पंखे दोन, माणसं चाळीस.
चहा व्याख्यानानंतर होता, म्हणून चाळीस.
तो म्हणाला, साठेक वर्षांपूर्वी एकाने मांडलं,
तेव्हा लोकांना ते चावटपणाचं वाटलं:
गणित करायला, तत्त्वतः, काही लागत नाही.
बेरीज करा, उलटी फिरवा, फुकट.
लक्षात ठेवा, फुकट.
पुसायला मात्र किंमत पडते.
इथे शून्य होतं की एक, हे कायमचं हरवलं
की तेवढी ऊब जगात सुटते.
मुंगीच्या पायालाही कळणार नाही इतकी,
पण शून्य कधीच नाही.

प्रश्नोत्तरांत जोगळेकरांनी
प्रश्न म्हणून अकरा मिनिटांचं उत्तर दिलं.
मग मी विचारलं, आमचं यंत्र तापायचं, ते हेच का?
"नाही आजी, ते तारांचं तापणं.
तुमची खरी ऊब त्यात कालवून गेली,
शोधूनही सापडायची नाही."

एक टेप मी पुसली नाही.
यादीत होती, हिरवी शाई होती,
रजिस्टरात 'पुसली' लिहून सही केली
आणि डब्याच्या पिशवीतून घरी आणली.
नंबर सहाशे बारा.
अजून आहे, गोदरेजच्या कपाटात,
पैठणीखाली, डांबरगोळ्यांच्या वासात.
ती वाचणारं केंद्रातलं शेवटचं यंत्र
जुन्या बाजारात तांब्याच्या भावाने गेलं.

हे शिकलगारला चहाच्या वेळी सांगितलं.
बुडवलेलं बिस्किट त्याच्या हातातून तुटून पडलं.
"काय आहे तिच्यावर?"
माहीत नाही.
"मग हीच का ठेवलीत?"

इथे मी अडले.
कारण होतं. पक्कं होतं.
त्या संध्याकाळी बसमध्ये पिशवी मांडीवर धरून
घर येईपर्यंत ते मला ठाऊक होतं.
कुणाचं नाव, एखादी तारीख,
की साहेबांच्या हिरव्या शाईचा नुसता राग...
आता तिथे कोरी चकती फिरते.

म्हणजे कधीतरी, विद्यापीठाच्या चौकात सिग्नलला,
किंवा कुकरच्या शिट्ट्या मोजताना,
ते माझ्यातून पुसलं गेलं
आणि तेवढी ऊब सुटली.
कुणाच्या हाताला लागली असेल का?
हा प्रश्न शास्त्रीय नाही, असं तो म्हणाला नाही,
चेहऱ्यावर दिसलं.
मी कप खाली ठेवला.
बशी अजून कोमट होती.