तीन एकर, खंडाने

आमच्या मंडळीत संत नसतात.
तरी दर चौदा जानेवारीला
बाबा तिळगुळाच्या डब्यासोबत
एक माणूस घरी आणायचे.
नाव फेलिक्स. राहणार नोला. पुरोहित.
काळ रोमच्या बादशहांचा,
जेव्हा ख्रिस्ताचं नाव घेणं म्हणजे
आपली पाठ आपणच चाबकासमोर धरणं.

बाबा तासगावचे पाळक.
सायकलच्या कॅरिअरला शास्त्र, हँडलला डबा,
पगार आला तर आला.
गोष्ट सांगताना चपला काढून बसायचे,
आणि नोला मणेराजुरीच्या पलीकडे
सावळजच्या वाटेवर कुठंतरी यायचं.

"शिपाई मागं लागले," बाबा म्हणायचे,
"हा पडक्या भिंतीच्या भगदाडात शिरला.
तेवढ्यात कोळ्यानं तोंडावर जाळं विणलं.
शिपाई म्हणाले, इथून तर माशीसुद्धा गेली नाही.
गेले पुढं."

म्हणून आमच्या चर्चच्या दारावरचं जाळं
कुणी काढायचं नाही.
मिरजेहून पाहणीला आलेल्या कमिटीनं
अहवालात लिहिलं: स्वच्छता असमाधानकारक.
आई झाडू घेऊन उभी, बाबा जाळ्याखाली उभे.
दोघांतलं कुणी हटेना.
शेवटी कोळीच गेला.

मला आवडायचा तो म्हातारा बिशप.
डोंगरात लपलेला, थंडीनं, उपासानं दातखीळ बसलेली.
फेलिक्स त्याला शोधत रात्रभर चालला,
बेड्यांचे वळ अजून ओले.
काट्यांच्या जाळीवर एक घड लोंबत होता.
थंडीत, बाबा?
"थंडीतच. आपल्याकडं माल कधी उतरतो?"
त्यानं द्राक्षं त्या ओठांवर पिळली,
म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलं
आणि उजाडायच्या आत
एका विश्वासू बाईच्या दारात आणून ठेवलं.

मग त्याला तलवारीनं मारलं?
आम्ही दरवर्षी विचारायचो.
बाबा दरवर्षी जरा ओशाळायचे.
"नाही रे. म्हातारा होऊन गेला.
छळ थांबल्यावर जप्त झालेली जमीन मागता आली असती,
मागितली नाही. तीन एकर खंडाने घेतली,
स्वतः कसली. पिकलं त्यातलं वाटून टाकलं."

मग हुतात्मा कसला?
दावीद चिडायचा. त्याला सिंह हवे होते.
"मूळ शब्दाचा अर्थ साक्षीदार,"
बाबा डब्याचं झाकण लावत म्हणायचे.
"साक्ष द्यायला लगेच मरावं लागतं असं नाही.
काहींची तारीख पुढं पडते."

बाबांची पडली ऑक्टोबरात.
मिरजेचं मिशन हॉस्पिटल, खिडकीजवळची खाट.
गिळणं बंद. नळी दोनदा ओढून काढलेली.
तिकडं बागांची छाटणी चाललेली,
मांडवावर नुसत्या काड्या, डोळ्यांना पेस्ट.
अख्ख्या तालुक्यात एक घड नाही.

हौसाताई कोष्टी, जिच्या शेडवर आई बेदाणा निवडायची,
तिनं वर्तमानपत्रात बांधून मूठभर पाठवला.
स्टीलच्या पेल्यात रात्रभर भिजवला.
पहाटे फुगून आला, तपकिरी, मऊ,
जवळजवळ द्राक्षं.
एकेक दाणा बोटांत धरून पिळला.
निम्मं ओठांच्या कडेनं उशीवर गेलं.
गळ्याची घाटी एकदा हलली.

नर्स म्हणाली, असं देऊ नका, ठसका लागेल.
मी हो म्हटलं,
आणि पुढचा दाणा उचलला.

बाबांनी डोळे उघडले.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
"खंड भरला का?"

आमची कुठं जमीन नव्हती.
खंडाचीही नाही, कधीच नाही.
भरला, म्हटलं.