डावा गुडघा

फॉर्मवरचे प्रश्न सोपे असतात.
कुठला पाय, दुखलं कधी, सूज किती.
शाल्मली लिहिते: डावा. मंगळवारी. तिसऱ्या गेटनंतर.
वय चौदा.
बाहेर शेचाळीस अंश, खिडकीवर धुळीची साय,
आणि ही बर्फावर पडून आलेली.

करामातल्या या दवाखान्यात
अकरा वर्षं मी गुडघे हातात घेते.
गुडघा खोटं बोलत नाही,
पण विचारल्याशिवाय मागचं काही सांगतही नाही.

"घरात नवीन काही?"
"काही नाही."
मग बर्फाची पिशवी बदलताना,
छताकडे बघत:
"नहदाचा फ्लॅट सोडला. आता अजमानला राहतो."

म्हणजे पहाटे पावणेचारला उठणं.
मॉल उघडायच्या आधी सराव,
मग गाडीत कपडे बदलून शाळा,
आणि झोप
सिग्नल-सिग्नलला तुकडे पडलेली.

"आई रात्रपाळीला असते. गाडी बाबाच चालवतात.
ते हल्ली घरीच असतात."
'हल्ली' म्हणताना तिनं मांडीवरची पट्टी
उगाच सरळ केली.
फ्रिजवर व्हिसाचे उरलेले दिवस लिहिलेत.
रोज कुणीतरी आकडा पुसून एक कमी करतं.
कोण, ते कुणी विचारत नाही.

"स्की?"
जुन्या. एका लेबनीज मुलाच्या,
तिच्याहून वीस किलोंनी जड.
पकड त्याच्याच वजनाला आवळलेली.
सैल करून घ्यायचे चाळीस दिरहम.
ती बोललीच नाही घरी.
पडताना स्की पायातून सुटायला हवी होती.
सुटली नाही.

दार लोटून वडील आत येतात,
इस्त्रीचा शर्ट, कुठं जायचं नसताना.
"तिचं तंत्र चुकतं का हो? वाकत नाही ना पुरेशी?"
शाल्मली डोळे मिटून घेते, झोपल्यासारखं.
मी म्हणते, तंत्र चांगलं आहे तिचं.
ते खुर्चीच्या कडेवर बसतात
आणि बूट-पिशवी मांडीवर घेतात,
अजून ओली असलेली.

अहवालात 'कारण' या शब्दापुढे
अर्धी ओळ जागा.
लिहिते: वळणावर तोल गेला.
तेही खरंच आहे.

"परत कधी उतरता येईल?"
नऊ महिने, मी म्हणते, कदाचित दहा.
ती रडत नाही.
बोटांवर काहीतरी मोजते, वडिलांना दिसणार नाही असं,
चादरीखाली,
आणि तेविसाव्यालाच थांबते.